तक्रार नाही



ही व्याख्यानमाला आमच्या बाईंच्या नावाने चालते. बाईंनी आम्हाला नर्सिंग शिकवलं. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, त्यांना एक शब्द अजिबात चालत नसे. तो शब्द म्हणजे ‘ठीक’. पेशंटच्या नोंदीत कुणी ‘झोप ठीक’ असं लिहिलं की त्या पेन खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, “ठीक म्हणजे किती वाजता लागली? मधे किती वेळा उठला? पहाटे जागा होऊन छताकडे बघत पडला होता का?” त्या वेळी आम्हाला याचा जाच वाटायचा. या प्रश्नांची किंमत मला कळली ती नोकरीला लागल्यानंतर, एका आजींमुळे. आज नर्सिंगमध्ये नैराश्य ओळखणं आणि त्यावरचे उपचार याविषयी बोलायचं आहे, त्याची सुरुवात त्या आजींपासूनच करते.

स्त्रियांचा ऑर्थो वॉर्ड, सात नंबरची कॉट. माणदेशातल्या एका गावच्या आजी. ओसरीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. जखम कोरडी, ताप नाही, बीपी ठीक. (बाई असत्या तर इथेच थांबवलं असतं.) माझी नाइट ड्यूटी होती. वॉर्डात पन्नासेक पेशंट आणि मी एकटी. कुणी पाणी मागतंय, कुणाचं सलाइन संपलंय, कुणी दुखण्यानं विव्हळतंय. सात नंबरच्या आजी तेवढ्या हूं की चूं करत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. केसपेपरवर मी रोज रात्री तेच लिहीत होते: शांत, नो फ्रेश कम्प्लेंट्स. अशा सहा रात्री गेल्या. मनातून त्या आजींचे मी आभारही मानत असेन. त्यांचा काही त्रास नव्हता.

सातव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, “सिस्टर, त्या सात नंबरच्या आजींनी चार दिवस डोक्याला फणी लावली नाही. आल्या तेव्हा डोळे उघडले की पहिली फणी मागायच्या.” आम्ही दोघी चादर बदलायला गेलो. आजींना कुशीवर वळवलं, तर पदराच्या टोकाला गाठ दिसली. मावशींनी सोडली. आत अकरा गोळ्या. दिलेली गोळी त्या तोंडात घ्यायच्या, पाणी प्यायच्या, आणि मी पुढच्या कॉटकडे वळले की काढून पदरात बांधायच्या.

मी रागावणार होते. मावशींनीच हातानं थांबवलं. मग मी कॉटशेजारी बसले आणि विचारलं, “आजी, काय होतंय?” “काय न्हाई गं. तुम्ही पोरी लई चांगल्या हायसा.” बराच वेळ गेला. मी उठले नाही. शेवटी त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “आता मला कशाला उभं करताय?”

फिजिओथेरपीवाले त्यांना रोज वॉकर धरून उभं करायला येत होते, आणि त्या उभ्या राहत नव्हत्या. आम्ही केसपेपरवर ‘नॉट कोऑपरेटिव्ह’ असंही लिहून ठेवलं होतं. सहा रात्री ‘शांत’ आणि चार सकाळी ‘सहकार्य करत नाही’. एकाच पानावर. या दोन नोंदी एकत्र वाचायचं मात्र आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

नैराश्य ओळखण्यात आपण कमी पडतो ते इथेच. आरडाओरडा करणारा, कपडे फाडणारा पेशंट लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. नैराश्याचा पेशंट बहुतेक वेळा वॉर्डातला सगळ्यात कमी त्रास देणारा पेशंट असतो. त्याचं गप्प राहणं आपल्या सोयीचं असतं, आणि जे सोयीचं असतं त्याकडे आपण दुसऱ्यांदा बघत नाही. डॉक्टर राउंडला येतात, कॉटपाशी दोन-तीन मिनिटं थांबतात. डबा उघडला की नाही, नातू भेटायला आला तेव्हा चेहरा हलला का, पहाटे तीन वाजता डोळे उघडे होते का, हे दिसण्याची संधी फक्त नर्सला मिळते. वॉर्डातल्या मावशींना आणि मामांना मिळते. म्हणून नैराश्य ओळखण्याचं पहिलं काम आपलं आहे, ते कुणी आपल्यावर सोपवलेलं असो वा नसो.

पुस्तकातली व्याख्या तुम्हाला पाठ आहे. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं, किंवा कशातच गोडी न वाटणं. आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा बेचैनी, अपराधी वाटणं, मरणाचे विचार यांपैकी काही, एकूण नऊपैकी पाच. पण आपल्याकडे कुणी येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत नाही. माणसं म्हणतात, अन्नावरची वासना उडाली. कशात राम वाटत नाही. डोकं जड झालंय, अंगात कसकस आहे, हातापायांत जीव नाही. म्हातारी माणसं म्हणतात, देवानं आता न्यावं, मुलांवर भार झालोय. तरुण पोरं म्हणतात, टेन्शन आहे. वीस वर्षांत मी जेवढे नैराश्याचे पेशंट पाहिले, त्यातल्या बहुतेकांची पहिली तक्रार पोटाची, पाठीची किंवा झोपेची होती. मन आजारी आहे म्हणायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. शरीर दुखतंय म्हणायला वाटत नाही. आणि शरीर खरंच दुखत असतं, हेही विसरू नका. ‘तपासणीत काही निघालं नाही, सगळं मनाचं आहे’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये.

दुसरी अडचण जनरल वॉर्डातली. तिथे प्रत्येकालाच काही ना काही झालेलं असतं. पक्षाघातानंतर सुमारे तिघांमागे एकाला नैराश्य येतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर, मधुमेहात, क्षयरोगात ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. अशा वेळी भूक नाही, झोप नाही, थकवा आहे, हे आजाराचं की मनाचं? मी माझ्या विद्यार्थिनींना सांगायचे, शरीराच्या लक्षणांवरून ठरत नसेल तर गोडी विचारा. अर्धं अंग गेलेला माणूसही नातवाचा फोन आला की हसतो, मॅचचा स्कोअर विचारतो, डब्यातली शेंगदाण्याची चटणी बघून खूश होतो. ज्याच्या मनातली गोडीच संपली आहे त्याच्याजवळ फोन धरला तरी तो ‘नंतर’ म्हणतो. दोन आठवड्यांत कशातच आनंद वाटेनासा झाला होता का, आणि उदास, हताश वाटत होतं का, हे दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-२ ही छोटी चाचणी. उत्तरं होकारार्थी आली की पीएचक्यू-९चे नऊ प्रश्न घ्यायचे. ती २००१ साली प्रसिद्ध झाली, मराठीतही आहे, पाच मिनिटं लागतात, आणि २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की डॉक्टरांना कळवायचं. वृद्धांसाठी हो-नाही उत्तरांचे पंधरा प्रश्न असलेली वेगळी चाचणी आहे. ज्यांना ‘किती दिवस, किती वेळा’ असा हिशेब सांगता येत नाही, त्यांना ती सोपी जाते.

पण एक फसगत मी स्वतः केली आहे, ती सांगते. मंद झालेला, न बोलणारा, झोपाळू म्हातारा पेशंट नैराश्याचाच असतो असं नाही. तो डिलिरियमचाही असू शकतो. शांत प्रकारचा डिलिरियम, ज्यात गोंधळ आहे पण गडबड नाही. फरक असा की नैराश्य आठवड्यांत चढतं, डिलिरियम तासांत. डिलिरियमचा पेशंट सकाळी ओळखतो, संध्याकाळी ओळखत नाही. त्याला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर मधेच हरवतो. अशा पेशंटला मी एकदा दोन दिवस ‘उदास आहे’ असं लिहीत राहिले. त्याचं सोडियम घसरलेलं होतं आणि लघवीत जंतुसंसर्ग होता. तेव्हापासून कुणाच्याही मनाबद्दल बोलण्याआधी मी टीपीआर चार्ट आणि रक्ताचे रिपोर्ट बघते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, आणि कोणती औषधं चालू आहेत तेही. स्टेरॉइडनंही मन खचतं.

मरणाबद्दल विचारायचं का, हा प्रश्न प्रत्येक वर्कशॉपमध्ये येतो. विचारायचं. सरळ शब्दांत विचारायचं: “जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” विचारल्यानं कल्पना डोक्यात भरते ही भीती खरी नाही, यावर भरपूर अभ्यास झाले आहेत. उलट बहुतेक पेशंट मोठा श्वास सोडतात, कारण कुणीतरी तो शब्द आधी उच्चारलेला असतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना त्याच ड्यूटीत कळवायचं आणि पुढच्या सिस्टरला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचं. अजूनही काही जणींना पोलिसांची भीती वाटते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतल्या कलम ३०९सारखी सरसकट शिक्षाही राहिलेली नाही.

आता उपचार. नैराश्यावरच्या औषधांचा इतिहास सुरू होतो तो एका क्षयरोग रुग्णालयातून, आणि ती गोष्ट प्रत्येक नर्सला माहीत असावी असं मला वाटतं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या पेशंटना इप्रोनायझिड नावाचं नवं औषध देऊन बघत होते. मरणाच्या दारात पडलेली माणसं अंथरुणातून उठली, जेवण मागू लागली, वॉर्डात नाचू लागली. त्या नाचाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. त्या रुग्णालयातल्या गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीनं नोकरी सोडून गेल्या होत्या आणि वॉर्ड सांभाळत होत्या त्या कृष्णवर्णीय परिचारिका. औषधाचा मनावरचा परिणाम शोधनिबंधात येण्याआधी वॉर्डात दिसला होता. पुढे १९५७मध्ये ते नैराश्यासाठी वापरलं गेलं. यकृतावरच्या परिणामांमुळे ते मागे पडलं, पण दार उघडलं होतं. त्याच १९५२ साली हिल्डेगार्ड पेप्लॉ या अमेरिकन नर्सचं ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हे पुस्तक आलं. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं त्या पुस्तकात मांडलं होतं. एकाच वर्षी गोळीही आली आणि नातंही आलं. गोळी जगभर पोचली.

आज एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन अशी औषधं स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यांतही मिळतात. यांची अडचण अशी की त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी, झोप उडणं. आणि मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट पाचव्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असं आयुष्यभर सांगतो. हे सांगणं डॉक्टरांच्या दोन मिनिटांत होत नाही, ते आपण सांगायचं. म्हाताऱ्या पेशंटचं सोडियम बघायचं. ऑर्थो वॉर्डात असाल तर दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे का ते बघायचं, कारण ही दोन औषधं एकत्र आली तर घाम, थरथर, धडधड असा घातक प्रकार होऊ शकतो. याआधी कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस उत्साहात, उधळपट्टीत गेले होते का, हे घरच्यांना विचारायचं. तसं असेल तर हा आजार द्विध्रुवी असू शकतो आणि नुसती ही गोळी उलटू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अंगात ताकद आधी येते, मनातला अंधार नंतर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेशंट हिंडू-फिरू लागला म्हणून निर्धास्त होऊ नका. डिस्चार्जनंतरचे पहिले दिवसही तसेच जोखमीचे. घरच्यांच्या हातात फोन नंबर, पुढची तारीख आणि औषधं कुणी सांभाळायची याची स्पष्ट सूचना दिल्याशिवाय पेशंट सोडू नये. बरं वाटल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवायचं असतं, हे केसपेपरवर मराठीत लिहून द्यावं.

गोळीशिवायच्या उपचारांबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे की ते महागडं, मोठ्या शहरातलं काम. या समजुतीला सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यानं दिलं आहे. ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून तिथे काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्याच तीव्र नैराश्याच्या पेशंटसाठी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ तयार केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते त्याच भागातले साधे लोक होते, प्रशिक्षण दिलेले. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. त्यात काय करायचं? माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो. देवळात जाणं सोडतो, शेजारणीशी बोलणं सोडतो, अंगणात सडा घालणं सोडतो. सोडल्यानं आणखी खचतो. तर उलट दिशेनं, एकेक छोटी गोष्ट पुन्हा दिवसात आणायची, लिहून ठेवायची, पुढच्या भेटीत बघायची. हा अभ्यास लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्या ६४ टक्के पेशंटचा आजार ओसरला होता. ते न मिळालेल्यांत ३९ टक्के. जनरल वॉर्डातल्या सिस्टरला हे जमणार नाही असं कोण म्हणेल? सात नंबरच्या आजींच्या बाबतीत आम्ही हे नकळत केलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. मावशींनी रोज सकाळी फणी नेऊन कॉटवर ठेवायला सुरुवात केली. आग्रह नाही, फक्त ठेवायची. पाचव्या दिवशी आजींनी ती उचलली. केस विंचरले नाहीत, फणी हातात धरून बसल्या. मी ते केसपेपरवर वेळेसकट लिहिलं. सहा आठवड्यांनी त्या वॉकर घेऊन ओपीडीत आल्या तेव्हा केस चापूनचोपून बांधलेले होते.

गोव्यातलाच आणखी एक अभ्यास मला पुनःपुन्हा आठवतो. २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, आणि गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी झालेली असणं यांचा त्यात हात होता. सहा आठवडे म्हणजे बाळाची दीड महिन्याची लस. आपली एएनएम सिस्टर त्या आईला त्या दिवशी बघतेच; पुन्हा अडीच महिन्यांना, पुन्हा साडेतीन महिन्यांना. बाळाचं वजन होतं, बाळाला टोचलं जातं, कार्डावर शिक्का बसतो. आईला कुणी विचारत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी असलेल्या एडिंबरा चाचणीत दहा प्रश्न आहेत आणि शेवटचा, दहावा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. लस टोचून बाळ रडत असतं, रांग असते, सासू सोबत असते. सासूला बाळ धरायला द्या आणि आईला बीपी बघायचंय म्हणून दोन मिनिटं आत घ्या. मी पाहिलेल्या चांगल्या एएनएम सिस्टर हेच करतात.

पोकळ धीर देण्याबद्दलही बोलते. ‘काही होत नाही, सगळं चांगलं होईल, मन घट्ट करा, तुमच्यापेक्षा वाईट अवस्था आहे लोकांची.’ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये या फुकटच्या दिलाशांवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे, आणि ते संतापून लिहिलेलं आहे. खचलेल्या माणसाला असा धीर ऐकून एकच कळतं: समोरच्याला माझं ऐकायचं नाही. त्याऐवजी ‘हे फार जड आहे, मी ऐकतेय’ एवढं पुरतं. तेही म्हणता आलं नाही तर बसून राहणं पुरतं.

आणि आता आपल्याबद्दल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६मध्ये झालं. त्यानुसार देशात दर वीसपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. या वीसांत आपणही आहोत. सलग नाइट, चाळीस-पन्नास पेशंट, घरी गेल्यावर डबे आणि अभ्यास. आपल्यापैकी जी ड्यूटीवर अगदी गप्प झाली आहे, चहाला येत नाही, जी पूर्वी हँडओव्हर देताना प्रत्येक पेशंटचं नाव घ्यायची आणि आता फक्त कॉट नंबर सांगते, तिचीही ‘तक्रार नाही’ असंच आपण धरून चालतो. तिला विचारा. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो नर्सनं स्वतःसाठी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाईंची एक आठवण सांगते आणि थांबते. आमच्या काळी ड्यूटीवर बसणं हा गुन्हा मानला जायचा. मेट्रन राउंडला आल्या आणि सिस्टर बसलेली दिसली की बोलणी बसायची. बाई मात्र आम्हाला घेऊन वॉर्डात गेल्या की आधी स्टूल शोधायच्या, ते कॉटच्या उशाशी ओढायच्या आणि पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बसायच्या. सात नंबरच्या आजींजवळ मी बसले ते औषधांचा ट्रे ठेवायच्या लोखंडी पेटीवर, कारण वॉर्डात स्टूल नव्हतं. पुढे मी इन्चार्ज झाले तेव्हा पहिल्याच महिन्यात सहा स्टुलांचा इंडेंट पाठवला. स्टोअरमधून तो परत आला. ‘उपयोग’ हा रकाना मी रिकामा ठेवला होता. मी त्यात लिहिलं: पेशंटजवळ बसण्यासाठी. आणि पुन्हा पाठवला.